सिंदीचं धड, समुद्रपूरचं इंजिन

मी टोयोटा सेलिका. जन्म जपानचा, पण सगळं आयुष्य वर्धा जिल्ह्यात गेलं, त्यामुळे माझं बोलणं तुम्हाला परकं वाटायचं नाही. दोनच दारं, लांब नाक, चार गोल दिवे आणि संत्र्याच्या सालीचा रंग. दोन्हीकडच्या काचा खाली केल्या की मध्ये खांबसुद्धा उरत नाही; वारा एका अंगाने शिरतो आणि दुसऱ्या अंगाने निघून जातो. मिरवण्यासारखं एवढंच. बाकी मी साधी गाडी आहे.

पन्नासेक वर्षांपूर्वी एका जपानी इंजिनिअराने मला बोटीतून मुंबईला आणलं. कुठल्याशा कारखान्याच्या उभारणीसाठी तो आला होता. काम संपलं तसा तो परत गेला आणि मी इथेच राहिले. पुढे नागपूरच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने मला घेतलं. त्याला माझा रंग आवडला होता. माझा वेग मात्र त्याला झेपत नव्हता. दुसरा गिअर टाकला की तो देवाचं नाव घ्यायचा.

त्याच्या अंगणात मला महादेवराव भेटले. सिंदी रेल्वे या गावचे कापसाचे व्यापारी, अंगाने आडवे, स्वभावाने हौशी. ते नागपूरला आले होते कापूस मोजायचा नवा काटा घ्यायला. परतले ते मला घेऊन.

त्यांच्या पत्नी शोभाबाई ओसरीवरून पाहतच राहिल्या.

"हे काय आणलं?"

"गाडी."

"काटा आणाले गेलते ना तुमी?"

"काटा पुढच्या खेपेले."

शोभाबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली, काचेतून आत डोकावल्या. "अन् मागं बसाचं कसं? पाय ठेवाले जागा नाई."

"पोट्टे बसतीन. त्यायचे पाय कुठी लंबे हायेत?"

त्यांची दोन मुलं, प्रफुल आणि धीरज, तोवर माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसलीही होती.

त्या घरात मी सुखाने राहिले. कापसाच्या हंगामात महादेवराव मला घेऊन हिंगणघाटपर्यंत जायचे. वाटेत ओळखीचा शेतकरी दिसला की थांबायचे, त्याला शेजारी बसवायचे. तो बिचारा चपला हातात घेऊन आत शिरायचा आणि महादेवराव रागवायचे. पोळ्याला बैलांबरोबर माझ्याही नाकाला झेंडूची माळ पडायची. शोभाबाई मला ओवाळायच्या आणि पुटपुटायच्या, "काट्याच्या जागी आली हे बाई, पण गुणाची निंगाली."

मी आजारी पडले की वर्ध्याहून प्रेमदास मिस्त्री यायचा. पहिल्यांदा त्याने माझं बॉनेट उघडलं आणि आणलेली हातोडी पिशवीत परत ठेवून दिली. म्हणाला, "हे गाडी नाई मालक, घड्याळ हाये. इथं ठोकाठोकी नाई चालत." सुटे भाग मिळायचे नाहीत. पाण्याचा पंप गळायला लागला तेव्हा त्याने कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या खरादावर पितळेचा बुश कातून बसवला. ते पितळ माझ्या पोटात वर्षानुवर्षं टिकलं.

दोन्ही मुलांचा जीव माझ्यावर, पण तऱ्हा वेगळ्या. प्रफुल थोरला, नीटनेटका. त्याला माझं अंग पुसायचं वेड. मऊ धोतराचा तुकडा घेऊन तो क्रोमच्या पट्ट्या अशा घासायचा की त्यात त्याचे दात दिसावेत. धीरजला माझ्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. तो कायम बॉनेटखाली, प्रेमदासच्या कोपराला चिकटून. माझा आवाज जरा बदलला तर जेवता जेवता उठून यायचा. एकाला माझा चेहरा पाठ, दुसऱ्याला माझा श्वास. दोघं मोठे झाले, दोघांची लग्नं झाली, तरी हे बदललं नाही.

मग महादेवराव गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

वर्षभराने वाटणीचं निघालं. सगळं किती शहाणपणाने झालं! सिंदीचं घर, दुकान आणि गोदाम प्रफुलकडे; समुद्रपूरकडचं शेत, विहीर आणि तिथलं नवं घर धीरजकडे. आई सिंदीलाच राहणार, वाटेल तेव्हा समुद्रपूरला जाणार. कुणाचा आवाज चढला नाही. शेजारी म्हणाले, असे भाऊ पाहायला मिळत नाहीत.

सगळ्यात शेवटी माझा विषय आला.

"गाडी घराची," प्रफुल म्हणाला. "घर माह्याकडे, त गाडीबी इथंच राहीन."

"प्रेमदासच्या संगं ग्रीसमध्ये हात मी घातले दादा," धीरज म्हणाला. "तू त निरा फडकं मारलं."

"फडकं?"

दोघंही तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तो शब्द प्रफुलला फार लागला. त्याचा चेहरा काळवंडला.

"मी फडकं मारलं काय? मंग इंजिन तुह्यं ना? काढ अन् ने!"

"नेतो!"

"ने!"

दुसऱ्या दिवशी प्रेमदासला बोलावणं गेलं. तो आला, ऐकलं, आणि डोक्याला हात लावून बसला. "मालक, लोकं विहीर वाटतेत, आंब्याचं झाड वाटतेत. गाडी कोणी वाटते काय?" पण दोन्ही भाऊ हटायला तयार नव्हते. जिनिंगमधून चेनपुली आणली. माझे नट सैल होत गेले, नळ्या सुटल्या, आणि माझं इंजिन गिअरबॉक्ससकट वर उचललं गेलं. मला दुखलं नाही. यंत्राला तसं दुखत नाही. पण एकदम हलकं वाटलं, आणि ते हलकेपण मला आवडलं नाही.

ट्रॉलीतून इंजिन समुद्रपूरला गेलं. शोभाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "तुमचे बाबूजी असते त दोघायलेबी झोडपलं असतं."

त्या दिवसापासून धीरज सिंदीच्या घरी आला नाही. सणाला नाही, लग्नाकार्याला नाही. शोभाबाई एसटीने त्याच्याकडे जायच्या, दोन-चार दिवस राहून यायच्या. परत आल्यावर प्रफुल त्यांना प्रवासाचं विचारायचा, भावाचं विचारायचा नाही.

मला गोदामात नेऊन ठेवलं. माझ्या एका बाजूला सरकीची पोती, दुसऱ्या बाजूला भंगारात गेलेला कापसाचा जुना काटा. खोटं कशाला सांगू, ते दिवस मला फार जड गेले नाहीत. इंजिनाच्या रिकाम्या जागेत एका मांजरीने बिऱ्हाड केलं. तिची पिल्लं माझ्या मडगार्डाच्या आतून धावायची. इंजिनाची ऊब गेली होती, तिथे दुसरी ऊब आली. शिवाय प्रफुल दर महिन्याला येऊन माझ्या अंगावरचं कापड काढायचा, आणि क्रोम पुसायचा. चाकं काढून त्याने मला लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं, ओल लागू नये म्हणून खाली विटांचा थर दिला होता. पुसता पुसता बॉनेटपाशी आला की त्याचा हात थांबायचा. ते त्याने कधीच उघडलं नाही.

अशी कित्येक वर्षं गेली. आणि मग प्रफुलच्या बायकोची, सपनाची, दाढ दुखायला लागली.

वर्ध्याला गुंजन म्हणून दातांची एक डॉक्टर आहे. दवाखान्याच्या भिंतीवर लोक दातांची चित्रं लावतात. हिने एका जुन्या डॅटसनचा फोटो लावलाय. गाडी तिच्या वडिलांची, धूळ खात पडलेली. गुंजनने ती स्वतः उघडली, जोडली आणि रस्त्यावर आणली. तेव्हापासून तिला जुन्या जपानी गाड्यांचा नाद लागला. सपना खुर्चीवर तोंड उघडून बसली होती, नजर त्या फोटोवर. चूळ भरल्यावर म्हणाली, "आमच्या गोदामातबी हाये एक जपानी. पण तिले इंजिन नाई."

त्याच रविवारी गुंजन सिंदीला हजर! तिने कापड बाजूला केलं. गुडघ्यांवर बसून तिने माझ्या दारांची खालची कड बोटांनी चाचपली. माझ्या वयाच्या गाड्या तिथेच सडतात. माझी कड शाबूत होती.

"कोणी सांभाळली इतकी?"

"म्या," प्रफुल म्हणाला. "निरा फडकं मारून."

"विकणार?"

प्रफुलने गोदामाच्या छताकडे पाहिलं. म्हणाला, "ठेवून तरी काय करू? धड हाये नुसतं."

"इंजिन कुठे आहे?"

प्रफुलने खाली पडलेलं कापड उचलून झटकलं. मग शोभाबाई म्हणाल्या, "माह्या लहान्या पोराकडं. समुद्रपूरले."

गुंजनला सगळं सांगावं लागलं. ऐकून ती हसली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. ती म्हणाली, "काका, दुसरं कुठलं तरी इंजिन मी यात बसवू शकते. पण मग ही तीच गाडी राहणार नाही. घेईन तर पूर्ण घेईन. आणि जोडायची इथेच, तुम्ही दोघांनी. कुठला बोल्ट कुठे जातो हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत?"

"थो नाई यायचा," प्रफुल म्हणाला.

"मी आणतो त्याले," शोभाबाई म्हणाल्या, आणि चप्पल घालून गुंजनच्या गाडीत जाऊन बसल्या.

समुद्रपूरला काय झालं ते मला पुढे गुंजनच्या बोलण्यातून कळलं. धीरज आधी नाहीच म्हणाला. इंजिन विकायचं नाही, आणि त्या घरात पाऊल ठेवायचं नाही. शोभाबाईंनी वाद घातला नाही. धाकट्या सुनेच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "माह्यं वय झालं बापा. मले एकदा त्या गाडीत बसाचं हाये. बसवतं का नाई ते सांग."

संध्याकाळी गुंजनची गाडी परतली आणि तिच्यामागून ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत ताडपत्रीत गुंडाळलेलं माझं इंजिन, आणि त्याला एका हाताने धरून बसलेला धीरज. केस पांढरे झाले होते त्याचे. दारात उतरून त्याने आईकडे पाहिलं, सपनाला नमस्कार केला, आणि भावाच्या बाजूने न जाता ट्रॉलीला वळसा घालून आत आला.

प्रेमदासला वर्ध्याहून आणलं. आता तो म्हातारा झाला होता आणि कानाने जवळजवळ ठार. त्याने इंजिनाच्या पुढच्या पुलीला पाना लावला, श्वास रोखला आणि फिरवलं. इंजिन फिरलं, अगदी सहज.

"जाम नाई झालं!" तो ओरडला, बहिरी माणसं ओरडूनच बोलतात. "इतके वर्स पडलेलं इंजिन जाम होते म्हंजे होतेच. हे कोणतरी हातानं फिरवत होतं!"

धीरज जमिनीकडे पाहत म्हणाला, "दर अमावस्येले. तेल टाकून." मग ताडपत्रीची घडी करत, "आधी विहिरीवर लावून पाहिलं पंपाले. पेट्रोल लय पेत होतं. मंग गोठ्यात ठेवलं, झाकून."

प्रफुलने हे ऐकलं. हातातलं फडकं त्याने खिशात कोंबलं आणि उगाच बाहेर जाऊन पाणी पिऊन आला.

त्यानंतर रविवारमागून रविवार काम चाललं. क्लच प्लेट आणि रबरं गुंजनने परदेशातून मागवली. कार्बोरेटरची बारीक भोकं बुजली होती. दात कोरायच्या हत्याराने तिने ती एकेक करून मोकळी केली. प्रेमदास डोळे बारीक करून बघत बसला. म्हणाला, "हे अवजार आधी भेटलं असतं त जिंदगी सुधारली असती."

मांजरीला सपनाने खोक्यात नवी जागा दिली. ती रागावली, पण गेली.

भाऊ मात्र एकमेकांशी बोलत नव्हते. जे सांगायचं ते प्रेमदासमार्फत. इंजिन चेनपुलीवर लटकत होतं, प्रफुल माझ्या पोटाखाली आडवा, धीरज वर साखळी धरून उभा.

"प्रेमदास, त्याले सांग, चौदाचा पाना दे म्हणा."

"आं?"

"चौदाचा पाना!"

"जेवाचा बहाना? आत्ताच त जेवलो!"

"अरे पाना! चौदाचा!" प्रफुलचा हात खाली अवघडला होता, खांदा बोल्टाला टेकला होता. "धीरज! दे ना रे बापा लवकर! हात तुटून राह्यला माह्या!"

धीरजने साखळी अडकवली, पाना घेतला, खाली वाकला आणि भावाच्या हातात ठेवला. "हे घे. डावीकडून लाव, दादा. उजवीकडून नाई बसत तो."

"मालूम हाये मले."

"मालूम असतं त अर्धा घंटा लागला असता काय?"

माझ्या पोटाखालून हसू फुटलं. आधी खालून, मग वरून. प्रेमदासला काही ऐकू आलं नाही, तरी तोही हसला.

मी सुरू झाले ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्यांदा नुसती खोकले. दुसऱ्यांदा एवढा धूर सोडला की सपना पाण्याची बादली घेऊन धावली. तिसऱ्यांदा धीरजने कान माझ्या बॉनेटला लावला, एक स्क्रू केसभर फिरवला, आणि मी बोलले. गोदामातली सगळी कबुतरं उडाली. शोभाबाईंनी आधी कानांवर हात ठेवले, मग ते हात हळूहळू तोंडावर आले.

फेरी मारायची वेळ आली तेव्हा दोघं भाऊ ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले आणि दोघंही मागे सरले. "तू चालव." "नाई, तू चालव." शोभाबाई पुढच्या सीटवर पदर सावरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुंजन चालवन. तुमी दोघं मागं बसा."

पन्नाशीची दोन माणसं गुडघे हनुवटीला लावून माझ्या मागच्या सीटवर बसली. स्टेशनापर्यंत गेलो, मग सेलूच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे तुरीची शेतं होती. काचा खाली होत्या आणि शोभाबाईंचा पदर उडत होता. त्यांनी तो धरला नाही.

आता मला गुंजनकडे जायचं होतं; धीरजनेही मधल्या काळात इंजिन द्यायला होकार दिला होता. पण काम काही संपेना.

एका रविवारी हॉर्न बंद. मागच्याच रविवारी तो सगळ्या गावाला ऐकू गेला होता! धीरजने गंभीर चेहरा करून वायर तपासल्या, दिवसभर. पुढच्या रविवारी वायपर हलेना. त्याचा नट सापडत नव्हता. नट प्रफुलच्या सदऱ्याच्या खिशात होता. हॉर्नची वायरही आपोआप सुटली नव्हती. मी सगळं पाहिलं होतं. दोघांना वाटत होतं की आपण एकटेच हे करतोय. मलाही काळजी लागली होती: मी पुरी झाले की हे दोघं भेटतील कशाच्या निमित्ताने? म्हणून मीही गप्प होते. गुंजनला कळलं असणार, पण तीही घाई करत नव्हती. दर रविवारी यायची, पोहे खायची आणि जायची.

शेवटी शोभाबाईंनीच विषय संपवला. प्रफुलचा सदरा धुवायला घेताना तो नट त्यांच्या हाताला लागला. त्या गोदामात आल्या आणि नट माझ्या टपावर ठेवला, टक् असा आवाज झाला.

"पोरीची गाडी पोरीले द्या," त्या म्हणाल्या. "भावाच्या घरी याले नट-बोल्टाचं निमित्त काऊन लागते रे तुमाले? धीरज, येत्या रविवारी जेवाले येजो. सगळ्यायले घेऊन येजो. अन् हात धुवून बसजो, ग्रीसचे नाई चालत मले."

धीरजने मान डोलावली. प्रफुलने नट उचलला, वायपर बसवला, आणि एकदा, शेवटचं, माझ्या नाकावरून कापड फिरवलं. मग ते कापड त्याने धीरजच्या हातात दिलं. धीरजने राहिलेली बाजू पुसली. त्याला काही नीट जमलं नाही. प्रफुलने ते तसंच राहू दिलं.

आता मी वर्ध्याला आहे, गुंजनच्या शेडमध्ये, डॅटसनच्या शेजारी. ती शांत स्वभावाची आहे, आमचं जमतं. गुंजन मला आठवड्यातून एकदा तरी फिरवते. माझ्यासारखी एखादी जुनी गाडी घ्यायला कधी निघालात, तर माझं एवढं ऐका. गंज बघा, कागद बघा, इंजिनाचा आवाज ऐका, ते सगळं करा. पण त्याआधी तिच्या मालकाजवळ तासभर बसा आणि त्याला बोलू द्या. गाडीचं काय मोडलंय ते मिस्त्री सांगेल. घरात काय मोडलंय ते मालकाच्या बोलण्यातूनच कळतं, आणि कधी कधी दोन्ही एकाच पान्याने दुरुस्त होतं.

सिंदीहून निघाल्यावर बरेच दिवस मला तिकडचं काही कळलं नव्हतं. तो रविवार आला, गेला. धीरज जेवायला आला की नाही, कोण सांगणार?

परवा गुंजन मला घेऊन सेलूकडे निघाली होती. वाटेत फाटक बंद लागलं. मालगाडी जायची होती. आमच्या शेजारी एक मोटारसायकल येऊन थांबली. चालवत होता धीरज. मागे प्रफुल, आणि दोघांच्या मध्ये हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी.

"मी म्हणलो ना तुले, दुसऱ्या दुकानात पाहू म्हणून."

"दादा, दोन दुकानं झाले, तिसरंबी झालं. अखीन किती पाहाचे?"

"तू आयकतच नाई."

"मी आयकतो, तूच बोलत राह्यतं!"

मी हातभर अंतरावर उभी होते. संत्र्याच्या सालीचा रंग, चार गोल दिवे, तीच मी, जिच्या एका पट्टीसाठी एकाने आयुष्यभर फडकं झिजवलं आणि जिच्या एका ठोक्यासाठी दुसरा ताटावरून उठायचा. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचं भांडण रंगात आलं होतं.

गुंजनने हॉर्नवर हात नेला. मग तिने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

मालगाडी गेली, फाटक उघडलं. मोटारसायकल भुर्रकन पुढे निघाली, बियाण्यावरचा वाद चालूच होता. गुंजनने पहिला गिअर टाकला आणि आम्ही त्यांच्यामागून निघालो, अगदी सावकाश, त्यांना पुढे जाऊ देत.